काचपेटीतला फोन आणि आत्याबाईंचा कान

१

साल दोन हजार आठ. ते साल घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहिलं, कारण त्या वर्षी बटणं नसलेला फोन पहिल्यांदा दुकानात आला, आणि ज्या सकाळी तो लोकांना दाखवायचा होता त्याच सकाळी काचपेटीतून गायब झाला.

आज कुणालाही सांगून पटणार नाही, पण तेव्हा फोन घ्यायचा म्हणजे आधी पक्ष निवडावा लागे. निळी पाटी आणि लाल पाटी, अशा दोन कंपन्या. निळीचे फोन कार्डावर चालत. कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की नंबर त्या फोनात जाई. लालच्या फोनात कार्ड नावाची वस्तूच नव्हती. नंबर फोनच्या पोटातच भरलेला, आणि फोन बदलायचा तर कंपनीच्या दारात जाऊन उभं राहायचं. हवेतून आवाज पाठवायची दोघींची रीतही निराळी, त्यामुळे एकीचा फोन दुसरीच्या राज्यात मुका. आणि हा नवा, नुसत्या काचेचा फोन तर एकट्या निळीनेच विकायचा, असा करार झालेला. लालवाल्यांनी तो लांबून बघायचा आणि सुस्कारे टाकायचे.

सूनबाईच्या नवऱ्याने, म्हणजे घरातल्या दोघा भावांतल्या थोरल्याने, बाकी सगळा माल बंद करून निळीची एजन्सी घेतली होती. ती गेली तर दुकानाला टाळं लागणार, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

त्या सकाळी कंपनीचा माणूस ठरल्यापेक्षा लवकर आला. गळ्याला टाय घट्ट आवळलेला, म्हणून सगळे त्याला टायवाला म्हणत. त्याने काचपेटीवरचं निळं कापड ऐटीत ओढलं आणि तसाच उभा राहिला. पेटीत फोन ठेवायचं स्टँड होतं. फोन नव्हता. कुलूप जिथल्या तिथे, काचेला ओरखडासुद्धा नाही.

"कुठे ठेवलात?" टायवाल्याने विचारलं.

"कुठे ठेवणार? तुमच्यादेखत तर कुलूप लावलं काल!" थोरल्याचा आवाज चिरकला.

"अकरा वाजता आमचे साहेब फीत कापायला येतायत. फोन नसेल तर फीत नाही, आणि फीत नाही तर एजन्सी नाही. मी सांगून ठेवतो."

कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक टायवाल्याकडे आणि एक वरच्या मजल्यावर, घरात शिरल्याबरोबर दिसणाऱ्या खुंटीवर. ती तिनेच रात्री टांगली होती आणि सकाळी तिथूनच आणली होती. तिने दुकानातला जुना तारेचा फोन पुढे ओढला आणि नव्या फोनचा नंबर फिरवला.

तिचे डोळे मोठे झाले.

"अहो, रिंग जातेय!"

पलीकडे घंटी वाजत होती, वाजतच होती. दुकानात मात्र पंख्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता.

२

"आत्याबाईंना सांगूया," सूनबाई म्हणाली.

थोरल्याने कपाळाला हात लावला. "आत्या काय करणार यात?"

"काय करणार ते माहीत नाही. पण त्या काहीतरी करतील."

आत्याबाई म्हणजे थोरल्याची सख्खी आत्या. सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. जोडणीवाली, म्हणजे ऑपरेटर, म्हणून लागल्या आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर दुसऱ्यांचे संसार ऐकत होते. भूक मेली." नुसत्या आवाजावरून माणूस आजारी आहे की खोटं बोलतोय ते सांगत. कानाला यंत्र लावून लावून डावा कान अधू झाला, म्हणून त्या कानात ऐकायचं मशीन आलं. तेही त्या दागिना घालावा तशा तोऱ्यात घालत.

त्या मशीनची एक खोड होती. निळीचा फोन जवळपास असला की मशीनमध्ये टर्र टर्र व्हायची. तेलात मोहरी तडतडावी तशी, आणि फोन वाजायच्या आधीच. आत्याबाई बोलता बोलता थांबत आणि म्हणत, "घे, तुझा येतोय." मग खरंच फोन वाजे. नवा पाहुणा असला तर त्याची पाचावर धारण बसे.

पण तडतड कानाला लागायची. म्हणून त्यांच्या खोलीच्या दाराशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवलेला होता. आत येणाऱ्याने आपला फोन त्यात टाकायचा, मग लांब खिडकीपाशी जाऊन त्यांच्याजवळ बसायचं. व्याही आला तरी सुटका नाही. घरात एकट्या धाकट्याला, म्हणजे सूनबाईच्या दिराला, डबा माफ होता. तो लाल कंपनीत इंजिनिअर. त्याच्या फोनने मशीन कधी कुरकुरलं नाही, उलट तो अचानक वाजला की आत्याबाई दचकत आणि म्हणत, "तुझा फोन म्हणजे मेला मांजराच्या पावलांनी येतो."

सूनबाईने सगळं सांगितलं. आत्याबाईंनी विचारलं, "काल संध्याकाळी फोन बघायला कोण कोण होतं?"

"टायवाले. दुरुस्तीच्या टेबलावरचा जादूगार. समोरच्या लाल पाटीचे दुकानवाले. आणि आपले भाऊजी."

"आणि खुंटीची किल्ली कुणाकुणाच्या हाताशी?"

सूनबाईने मान खाली घातली. "सगळ्यांच्याच. टायवाल्यांकडे स्वतःची आहे. बाकीचे घरात येऊन जाऊन असतात. पहाटे मी झाडांना पाणी घालायला गच्चीवर गेले तेव्हा दार उघडंच होतं."

"रडू नकोस. डोळे सुजले की दिसत नाही, आणि आज मला तुझे डोळे लागणारेत. थोरल्या!" त्यांनी जिन्यात हाक मारली. "तू खाली बसून तो नंबर फिरवत राहा."

"आत्या, मघापासून तेच करतोय. कुणी उचलत नाही!"

"उचलायला कोण सांगतंय? फिरवायला सांगतेय. वाजून संपला की परत फिरवायचा. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही." मग सूनबाईकडे वळून म्हणाल्या, "एकेकाला वर पाठव. आणि तूही बस माझ्या शेजारी."

सूनबाईने स्वतःचा फोन डब्यात टाकला आणि बसली.

३

टायवाला आला तो तणतणतच. दाराशी सूनबाईने डबा दाखवला तेव्हा "हे काय आता?" म्हणाला, पण दोन्ही खिशांतून दोन निळे फोन काढून टाकले.

"बाई, यात विचारण्यासारखं काय आहे? तुमच्याकडे तो माणूस बसतो ना, फोनची कुलपं तोडणारा! आमचा फोन परदेशी कंपनीच्या कार्डावर चालवून दाखवीन म्हणून काल सगळ्यांसमोर बढाई मारत होता."

"ऐकलं होतं मी, माझ्या चांगल्या कानाने," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही मला एवढंच सांगा, फोन चालू का ठेवला होतात?"

"लोकांना दाखवायला! बंद केला की परत सुरू होताना तो चार आकडे विचारतो. ते फक्त मला माहीत आहेत. म्हणून काल सगळ्यांना बजावलं, हात लावा पण बंद करू नका."

"सगळ्यांना?"

"तिघांनाही."

"आणि कार्ड त्यात होतं?"

"मी स्वतः घातलंय. वरच्या कडेला बारीक भोक आहे, टाचणी टोचली की कार्ड बाहेर येतं."

"कपडा ओढण्याआधी पेटीत डोकावला होतात का?"

टायवाल्याने टायच्या गाठीला हात लावला. मग हळूच म्हणाला, "नाही. ऐट मारायची होती." त्या क्षणी तो पोरसवदा दिसला. "बाई, फोन नाही मिळाला तर माझीही नोकरी जाईल."

"माहीत आहे. तुमचा आवाज मघाशीच सांगत होता. पाणी प्या आणि खाली बसा."

तो जिना उतरला आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. थोरला ओरडत होता, "उचल तुझी हत्यारं आणि चालता हो!"

४

जादूगार वर आला तेव्हा त्याच्या हातात हत्यारांची पेटी होती. वर्षानुवर्षं त्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून त्याने मेलेले फोन जिवंत केले होते. त्याने न सांगता डब्यात फोन टाकले. एक, दोन, तीन. तिसरा एका गिऱ्हाइकाचा, अर्धा उघडलेला.

"आत्याबाई, मी निघालोच आहे. फक्त तुम्हाला भेटून जावं म्हटलं."

"बस. कॉलरला काय खोचलंयस?"

"टाचणी. कार्ड काढायला. नेहमीच असते."

"म्हणजे तुला तो फोन न्यायचा असता तर काय केलं असतंस?"

सूनबाई चपापली. जादूगार मात्र इतक्या वेळात पहिल्यांदा हसला.

"खरं सांगू? फोन हातात आल्याबरोबर कार्ड बाहेर. बाकी सगळं नंतर. कार्डासकट फोन पळवायचा म्हणजे गळ्यात घंटा बांधून पळायचं. खाली थोरले नंबर फिरवतायत, रिंग जातेय. असं काम मी करीन? मला चोर म्हणा हवं तर, पण आत्याबाई, अडाणी चोर नका म्हणू!"

आत्याबाई खळखळून हसल्या. मग गंभीर झाल्या. "थोरला तुला काय बोलला ते मी ऐकलं. पेटी खाली ठेव. आज इथून कुणीही जाणार नाही."

"त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, आत्याबाई."

"मग परत घ्यायचं तेही सगळ्यांसमोर घेईल. ठेव पेटी."

त्याने पेटी ठेवली. दाराशी जाऊन वळला. "फोन मात्र काय केलाय म्हाराजा! आत एक स्क्रू उगाच नसणार. ज्यांनी बनवला त्यांच्या हातांना नमस्कार."

तो गेला आणि आत्याबाई खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघत राहिल्या. तिथे लाल पाटी होती.

५

समोरचे म्हणजे लाल कंपनीचे एजंट आणि थोरल्याचे शाळेपासूनचे दोस्त. दोघांचं धंद्यातलं भांडण रोजचं आणि चहा एकत्र. ते हातात फोन घेऊनच आत आले. लाल फोन असल्यामुळे डबा त्यांनाही लागत नव्हता.

"आत्याबाई, मला आरोपी केलात म्हणे! केस तरी पांढरे होऊ द्यायचे होते."

"झालेत की. मागून बघ."

एवढ्यात त्यांचा फोन ठणाणा वाजला. आत्याबाई खुर्चीत उडाल्या.

"बघा, तुमचं मशीन आम्हाला ओळख दाखवत नाही," समोरचे फोन बंद करत म्हणाले. मग खुर्चीत जड होऊन बसले. "काल मी तो फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो ओढला तर फोटो मोठा झाला. खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं बाकी होतं. माझी गिऱ्हाइकं रोज विचारतात, कधी येणार तुमच्याकडे? मी काय सांगू? आमच्या लाइनवर आवाज काचेसारखा स्वच्छ, बोलणं मधे तुटत नाही. पण दाखवायला वस्तू नाही. आणि थोरल्याकडे वस्तू आहे, तर टेकडीमागे गेलं की बोलणं कापलं जातं."

"मग उचललास का?"

"उचलून करू काय? माझ्याकडे तो चालणार नाही. आणि एक विचारू? तुमच्या त्या फोनचा नंबर आत नक्की कुठे भरतात हो? मला ते कार्डाचं प्रकरण कधी कळलंच नाही."

आत्याबाईंनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईला वाटलं, सापडला. ज्याला कार्ड म्हणजे काय कळत नाही तोच ते आत ठेवून फोन नेणार! समोरचे खाली गेल्याबरोबर ती म्हणाली, "आत्याबाई, यांच्या दुकानाची झडती घ्यायला सांगू?"

"थांब. कार्ड न कळणारी माणसं या घराच्या आसपास दोन आहेत."

दुसरा माणूस कोण ते सूनबाईला सांगायची गरज नव्हती.

६

धाकटा नेहमीसारखा आला. खांद्याला कामाची पिशवी, डोळे तांबारलेले. येऊन आत्याबाईंच्या पायाशी, स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन बसला. लहानपणापासूनची त्याची जागा ती.

"झोपला नाहीस वाटतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काम होतं, आत्या."

"तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे या नव्या फोनवर?"

धाकट्याचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच पडला. "आमचे साहेब म्हणतात, असला फोन आपल्या लहरींवर चालणारच नाही, विषय सोड. मी म्हणतो, का नाही चालणार? बनवणाऱ्यांना कुणी विचारलंय का? आत्या, आपलं नेटवर्क म्हणजे नुसती कविता आहे. सगळी माणसं एकाच वेळी एकाच लहरीवर बोलतात, आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या त्याच्या खुणेने वेगळा निवडून काढायचा. भरल्या हॉलमध्ये आईने आपल्याच पोराची हाक ओळखावी ना, तसं! निळीवाले प्रत्येकाला पाळी देतात: तू बोल, आता तू बोल. तेही हुशारीचंच काम आहे, मी नाव नाही ठेवत. पण..."

तो बोलत असताना सूनबाई त्याच्याकडे बघत होती. आपला दीर इतका सुंदर बोलू शकतो हे तिला नव्याने कळत होतं. म्हणूनच आत्याबाईंचा हात डाव्या कानाकडे गेला ते तिला जरा उशिरा दिसलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"मशीन त्रास देतंय का?" तिने विचारलं.

"जुनं झालंय, माझ्यासारखं." आत्याबाईंनी हात खाली घेतला. थोडा वेळ गेला. हात परत कानाकडे गेला. खालून थोरल्याचा आवाज आला, "परत फिरवला! वाजतोय नुसता!"

"बस कर रे आता!" आत्याबाई ओरडल्या. मग सूनबाईला म्हणाल्या, "थोरल्याला वर बोलाव. आणि जादूगारालाही. टायवाल्यांना म्हणावं, पाच मिनिटं दम धरा."

"आत्या, मी जाऊ?" धाकट्याने विचारलं.

"तू बस," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या हाताखाली धाकटा हलला नाही.

७

थोरला आणि जादूगार दाराशी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. दोघांनी आपापले खिसे डब्यात रिकामे केले. खिडकीपाशी आता एकही निळा फोन नव्हता. निदान सूनबाईला तसं वाटत होतं.

"थोरल्या, नीट ऐक," आत्याबाई म्हणाल्या. "फोन नेणाऱ्याने तो चालू ठेवला. म्हणजे त्याला तो विकायचा नव्हता. चालताना बघायचा होता. बंद केला तर परत उघडणार नाही हे चौघांनाही ठाऊक होतं. विकायचा असता तर बंद करून कुठेही लपवला असता. इथवर समजलं?"

"समजलं."

"मग नुसता आवाज बंद केला. पण कार्ड काढलं नाही. तुझा जादूगार पहिल्यांदा कार्ड काढतो. टायवाल्याने ते स्वतः घातलंय. दोघांच्याही हाताला ते वळण आहे. कार्ड काढायचं सुचणारच नाही असा माणूस कोण? ज्याने जन्मात कार्डाचा फोन वापरला नाही तो. नंबर फोनच्या पोटातच असतो असं ज्याच्या अंगवळणी पडलंय तो. शिकलेला असला, सगळं माहीत असलं, तरी घाईत हात सवयीनेच चालतो. म्हणजे लाल फोनवाला. असे दोन. समोरचा आणि..."

"आत्या," थोरला मधेच म्हणाला.

"पुरतं बोलू दे. समोरचा इथे बसला होता. तू खाली नंबर फिरवत होतास. माझा कान गप्प होता. त्याचा स्वतःचा फोन वाजला आणि मी दचकले, म्हणजे मशीनला तोही कळला नाही. मग हा आला. याचा लाल फोन या खोलीत कितीतरी वर्षं येतोय, कधी तडतडला नाही. आज तू नंबर फिरवलास आणि माझा कान तडतडला. घंटी संपून तू परत फिरवलास, परत तडतडला. निळा फोन माझ्यापासून हातभर अंतरावर आहे, थोरल्या. या पोराला आपण डबा माफ केला होता. तीच आपली चूक."

धाकट्याने पिशवीचा बंद सोडला. आतून मऊ कापडात गुंडाळलेला फोन काढला आणि दोन्ही हातांनी आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला. काचेवर साधा बोटाचा ठसाही नव्हता. नेताना पुसला होता, आणि परत द्यायचा म्हणून पुन्हा पुसला होता.

"पहाटे नेला," तो म्हणाला. "वहिनी उघडायला येईपर्यंत परत ठेवणार होतो. टेकडीमागे गेलो. एका हातात हा, एका हातात माझा. दोन्हींवरून बोलून बघितलं. दादा, हा तिथे गळपटतो आणि माझा चालतो. पण दोष याचा नाही! एवढीशी लहर आली तरी हा ती धरायला धडपडतो. असा गुणी फोन मी पाहिला नव्हता. याच्याखाली आमचं नेटवर्क असतं तर... तेच मला साहेबांपुढे मांडायचं होतं, डोळ्यांनी बघितलेलं. परत आलो तर टायवाले कापड ओढत होते. मग तोंडच उघडेना."

"मला विचारायला काय झालं होतं?" थोरला ओरडला. "मी तुझा भाऊ आहे ना!"

"तुझ्या करारात लिहिलंय, लाल कंपनीच्या माणसाला फोन दुकानाबाहेर न्यायला द्यायचा नाही. तू नाही म्हणाला असतास. हो म्हणाला असतास तर तू खोटा पडला असतास."

"आणि आता? माझं दुकान बुडत होतं! आणि याला..." थोरल्याचं बोट जादूगाराकडे गेलं आणि तिथेच अडखळलं.

"याचंच आधी बघ," आत्याबाई म्हणाल्या.

थोरला वळला. तो मोठा तापट, पण मनाचा मोठा माणूस होता. त्याने जादूगाराची पेटी स्वतः उचलली, जिना उतरला, आणि टायवाल्यासमोर, समोरच्यांसमोर, आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर ती टेबलावर ठेवली. "मी तुला चोर म्हटलं. चूक माझी. बस तुझ्या जागेवर, नाहीतर हे टेबल मी कुणालाच देणार नाही."

जादूगाराने खुर्ची पुढे ओढली. "पंखा जरा माझ्याकडे फिरवा मग," एवढंच म्हणाला.

फोन परत कुणी द्यायचा यावर आत्याबाईंनी वाद होऊ दिला नाही. "ज्याने नेला तो देईल. काय केलं तेही तोच सांगेल." सूनबाई दिराच्या मागून जिना उतरली. टायवाल्याच्या एका शब्दावर सगळं उभं होतं.

धाकट्याने सगळं सांगितलं, काही न वगळता. टायवाला रागाने लाल झाला, फोन हिसकावून घेतला, उलटसुलट केला. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने विचारलं, "टेकडीमागे खरंच तुटतो?"

"तीन ठिकाणी. दाखवू शकतो. तुमच्या टॉवरचा खांब थोडा फिरवला तर एक ठिकाण सुटेल."

"गिऱ्हाइकं तक्रार करतात, आणि आमचे लोक म्हणतात कागदावर सगळं ठीक आहे." टायवाल्याने टाय पहिल्यांदाच सैल केला. घड्याळाकडे पाहिलं, फोन काचपेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि कापड टाकलं. "साहेब आले की मी म्हणेन, सकाळी फोन बाहेर काढून चाचणी घेतली. ते खोटं नाही. कुणी घेतली ते विचारलं तरच सांगेन."

साहेबांनी विचारलं नाही. फीत कापली, टाळ्या वाजल्या, आणि समोरच्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

८

संध्याकाळी धाकटा परत स्टुलावर येऊन बसला. आत्याबाई म्हणाल्या, "मी नवी लागले तेव्हा रेल्वेचे फोन वेगळे आणि गावाचे वेगळे होते. एकमेकांना जोडायचे नाहीत, असा नियम. एकदा रेल्वेतल्या माणसाच्या बायकोला वेळेआधी कळा सुरू झाल्या आणि डॉक्टर गावाच्या लाइनवर. मी एक यंत्र या कानाला लावलं, एक त्या कानाला. तो बोलेल ते याला सांगितलं, हा बोलेल ते त्याला. मूल होईपर्यंत. दोन लाइनी जोडायला बंदी होती. मधे माणूस बसायला नव्हती. तुझंही काम तेच आहे. पण मधे बसायचं ते उघड्यावर, रे. पिशवीत लपून नाही."

काही वर्षांनी तो करार संपला आणि तोच फोन लाल कंपनीकडेही आला. धाकट्याने त्यासाठी आपल्या साहेबांचं किती डोकं खाल्लं ते साहेबच जाणोत. समोरच्यांनी आपल्या दुकानात फीत कापायला आत्याबाईंना नेलं, आणि टाळ्या थोरल्याने वाजवल्या. पुढे दोघा दोस्तांनी मधला रस्ता ओलांडायचा कंटाळा आला म्हणून एकच दुकान केलं. तिथे आता सगळ्या रंगांच्या पाट्या आहेत, आणि भांडण चहात साखर किती यावरून होतं.

जादूगाराने स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, पण कोपऱ्यातलं ते टेबल थोरल्याकडून मागून नेलं. टायवाला निळीत मोठा साहेब झाला. टेकडीमागचा खांब त्याने फिरवून घेतला. टाय मात्र परत कधी दिसला नाही.

धाकट्याच्या नशिबी एक अवघड काम आलं. नव्या तंत्राने दोन्ही जुन्या रीती मोडीत काढल्या, निळीची आणि लालचीही. लालचा जुना खांब बंद करायची वेळ आली तेव्हा त्याने ते काम मागून घेतलं. बटण दाबून घरी आला आणि आत्याबाईंच्या पायाशी बसला. आत्याबाई तेव्हा फार थकल्या होत्या. म्हणाल्या, "माझाही कान हल्ली तडतडत नाही. तुझे मेले सगळेच फोन आता मांजराच्या पावलांनी येतात." त्यानंतरच्या वर्षी त्या गेल्या, दुपारच्या झोपेत, खिडकीपाशी.

सूनबाईच्या कानात आता मशीन आहे. नव्या पद्धतीचं, त्याच्याजवळ कुठलाही फोन आणा, ते कुरकुरत नाही. तरी दाराशी बिस्किटांचा तो डबा आहे. नातवंडं येतात, हसतात, म्हणतात, "आजी, आता याची गरज नाही गं!" ती म्हणते, "माहीत आहे." आणि डबा पुढे धरते.